खोडलेली वेळ

१६ जून, रविवार

नीलाच्या बँकेत दर वर्षी डायऱ्या वाटतात आणि दर वर्षी ती एक घरी आणते. आजवर त्यांचा उपयोग फोन नंबर टिपायला आणि झुरळं मारायला झाला. यंदाची मी घेतली. जानेवारीपासूनची पानं कोरी सोडून इथून सुरुवात करतोय. नीला म्हणाली, "आठ दिवस चालेल." नवऱ्यावर इतका विश्वास असलेली बायको मिळणं भाग्याचं.

लिहावंसं वाटलं कारण आज चेतनभाई मैदानावर आले होते. पर्वत पाटिया भागात त्यांची खेळांची अकादमी आहे. खाली साड्यांची दुकानं, वर काचेचे दोन मजले. 'उद्याचे खेळाडू' अशी त्यांची नवी योजना आहे. प्रत्येक प्रशिक्षकाकडून एकच मूल घेणार. राहणं, जेवण, बारावीपर्यंतची शाळा, चांगला कोच, सगळं तिकडेच. उधन्याच्या म्युनिसिपल मराठी शाळेतल्या व्यायामशिक्षकाला विचारायला ते आपण होऊन आले, याचंच मला अप्रूप वाटलं. सकाळी साडेपाच ते सात माझ्याकडे चौदा मुलं पळतात. तेरा लूम-कामगारांची, मूळची धुळे-नंदुरबारकडची. चौदावी आमची सायली, जिला मी भेस्तानहून स्कूटरवर अर्धवट झोपेत घेऊन जातो.

एकच मूल म्हटल्यावर विचार करायचं कारण नव्हतं. नूतन. आठवीत आहे. वडील मगन लूम चालवतात, बारा तासांची पाळी. आमची शाळा आठवीपर्यंतच, त्यामुळे पुढच्या वर्षी ही पोर शिकेल की घरी बसेल हे कोणी सांगू शकत नाही. काल तिने दोनशे मीटर सव्वीस पॉइंट चारमध्ये मारले, तेही अनवाणी. माझंच काही चुकलं असं वाटून मी तिला दम जाईपर्यंत बसवलं आणि पुन्हा पळवलं. सव्वीस पॉइंट पाच. हे घड्याळ मी पहिल्या पगारात घेतलं, ते कधी चुकलेलं नाही.

सायलीचे तीस पॉइंट नऊ. मेहनत घेते पोर, नाही असं नाही. पण मी मुलांना नेहमी सांगतो, पळणं रक्तात असावं लागतं. मी स्वतः धुळ्याच्या कॉलेजात असताना राज्य स्पर्धेत चौथा आलो होतो. मग हिचं कुठे अडलंय, कळत नाही.

३० जून, रविवार

अकादमीत प्रशिक्षकांची मीटिंग झाली. गार एसी, ढोकळा, भिंतभर पडदा. चेतनभाईंनी सांगितलं की निवड आता नुसत्या टायमिंगवर होणार नाही. मुलाच्या थुंकीतून त्याची जनुकं तपासायची आणि अंगात वेग आहे की दम आहे, हे आधीच काढायचं. "जुओ विजयभाई, दस-पंधरा साल पछी तो इंजेक्शन आवशे. जीन ही डाल देंगे अंदर. तब तक जिसमें भगवान ने डाला है, उसको ढूंढो."

येताना डोक्यात तेच घोळत होतं. एक सुई, आणि तीस पॉइंट नऊचे सव्वीस. उधना दरवाज्याला सिग्नल हिरवा झालेला कळला नाही, मागच्या रिक्षावाल्याने माझा उद्धार केला.

प्रत्येकाला दोनच नळ्या मिळाल्या. एक नूतनची. दुसरी खरं तर कविताला द्यायला हवी, ती सायलीपेक्षा बरी पळते. मी सायलीचं नाव लिहिलं. बघायला काय हरकत आहे? निवड तर एकीचीच व्हायची आहे, आणि ती नूतनच.

७ जुलै, रविवार

थुंकीचा कार्यक्रम आमच्या घरी पार पडला. अर्धा तास आधी खायचं-प्यायचं नाही, मग नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकायचं. नूतनला सोडायला तिची आई सुभद्राबाई आल्या होत्या. त्यांना हा प्रकार पसंत नव्हता. दारातच म्हणाल्या, "सर, मनी आंडेरनं उष्टं कसाले जोयजे तुमले?" लेकीचं उष्टं कशाला हवं, तर मी त्यांना जनुक म्हणजे काय ते समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमी शिकेल मानसं, तुमले जास्ती समजस."

दोघी माझ्यासमोर थुंकायला तयार होईनात. मी नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि त्यांना आतल्या खोलीत पाठवलं. "लिंबू आठवा," असं बाहेरून ओरडलो. आधी खिदळणं, मग बराच वेळ कुजबुज. बाहेर आल्या तेव्हा नूतन हसत होती आणि आमचं ध्यान गप्प. सायलीला किळस आली असावी. मी दोन्ही नळ्या पिशवीत बंद केल्या. माझ्या हातून अशी नीटनेटकी कामं क्वचितच होतात, असं नीलानेही कबूल केलं.

४ ऑगस्ट, रविवार

रिपोर्ट आले. प्रत्येकी बत्तीस पानं, रंगीत.

सायली: वेग, अतिशय अनुकूल.
नूतन: वेग, प्रतिकूल. लांब पल्ल्याचा विचार करावा.

मी सायलीचं पान तीनदा वाचलं. मग लाज वाटली म्हणून नूतनचं दोनदा वाचलं. मग पुन्हा सायलीचं. शेवटी रक्त आहे ते आहे. इतकी वर्षं मी या पोरीला उगीच मागे ठेवलं, तिला जोरच लावू दिला नाही, असं वाटून गलबलून आलं. मी तिला जवळ घेतलं. ती लाकडासारखी उभी राहिली. आनंदाचं असंच असतं, लगेच उमजत नाही.

रिपोर्टात खाण्यापिण्याचंही आहे. सायलीला दूध पचण्याची शक्यता कमी. नूतनला दूध उत्तम. मी लगेच सायलीचा रात्रीचा पेला बंद केला. नीला वैतागली. "ती जन्मल्यापासून पितेय दूध! माझ्या माहेरी चार म्हशी होत्या, आमच्याकडे पाण्याच्या जागी दूध पितात." मी म्हटलं, हे शास्त्र आहे. ती म्हणाली, "म्हशींना कळवते."

५ ऑगस्ट, सोमवार

नूतनला सांगावं लागलं. मैदानाच्या पायरीवर दोघींना बसवून सांगितलं. नूतनने सायलीकडे पाहिलं, सायलीने जमिनीकडे. नूतनला वाईट वाटलं असणार. मग सायलीच म्हणाली, "पप्पा, पण तुमच्या घड्याळात तर ती..." मी तिला मध्येच थांबवलं. "घड्याळ आजचं सांगतं, रिपोर्ट उद्याचं सांगतो." हे वाक्य मला आयत्या वेळी सुचलं. चांगलं आहे म्हणून इथे लिहून ठेवतोय.

११ ऑगस्ट, रविवार

सुभद्राबाईंकडे कानबाईला, त्यांच्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, गेलो होतो. दहा बाय दहाची खोली, पण कानबाई अशी सजवली होती की नजर हटत नव्हती. देवीच्या नैवेद्याचा रोट त्यांचे भाऊबंदच खातात, तो बाहेरच्याला देत नाहीत, म्हणून आम्हाला लाह्यांचा प्रसाद आणि चहा. घरच्या सगळ्यांच्या पानात खीर होती, नूतनच्या पानात नव्हती. चहासुद्धा ती कोरा पीत होती. सकाळी प्रॅक्टिसनंतर नीलाने थर्मासमधून दिलेलं दूधही ती कायम कविताला देऊन टाकते, ते मला आठवलं. म्हटलं, हे बरं नाही.

सुभद्राबाई म्हणाल्या, "दूध तिले सोसत नही, सर. धाकली व्हती तवयपाईन."

मी त्यांना सांगितलं, लहानपणापासून सोसत नसेल, आता सोसेल. रिपोर्टात आहे. लांब पळायचं तर हाडं मजबूत हवीत. उद्यापासून माझ्यासमोर दोन पेले प्यायचे. नूतन मान डोलावून "हो सर" म्हणाली. सायली म्हणाली, तिला घरी जायचंय, डोकं दुखतंय.

२० ऑगस्ट, मंगळवार

आज अकादमीचा फॉर्म भरला. सायली विजय देवरे.

नीला म्हणाली, "लोक काय म्हणतील? सर म्हणवून घेता, आणि नाव घातलं ते घरच्याच मुलीचं?" मी म्हटलं, रिपोर्ट मी लिहिलेला नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता आणि हेच उत्तर दिलं होतं. रिपोर्ट नसता तर मी नूतनचंच नाव लिहिलं असतं. नक्की लिहिलं असतं. पण आहे तर आहे.

एक गोष्ट मात्र खुपतेय. सही करताना मला हलकं वाटलं. जड वाटायला हवं होतं का?

१ सप्टेंबर, रविवार

नूतन आता तीन हजार मीटर पळते. म्हणजे पळायला हवी. पहिल्या फेरीला तीरासारखी सुटते, तिसऱ्या फेरीला पोट धरून उभी राहते. मी म्हटलं, सगळं मनाचं आहे. दूध मात्र न कुरकुरता पिते. माझ्यासमोर पेला रिकामा करते आणि तोंड पुसून शाळेच्या नळाकडे जाते.

२२ सप्टेंबर, रविवार

काल चेतनभाईंकडे जायचं होतं म्हणून घड्याळ आणि वेळेची वही सायलीकडे देऊन लवकर निघालो. आज वही पाहिली. सगळ्यांच्या वेळा नीट लिहिल्यात, आणि शेवटी मी न सांगता एक ओळ: 'नूतन, २०० मी., २६.१'.

पोरीला अजून घड्याळ दाबता येत नाही. उशिरा सुरू केलं असणार. सव्वीस पॉइंट एक म्हणजे काय, चेष्टा आहे? मी ती ओळ खोडली. शिवाय नूतनने आता दोनशे पळायचंच नाहीये, उगीच पाय बिघडतील. सायलीला तसं सांगितलं. "मी बरोबर दाबलं होतं," एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं. चौदाव्या वर्षी सगळी दारं अशीच लागतात म्हणे.

५ ऑक्टोबर, शनिवार

जिल्हा स्पर्धा. नूतनने पाचव्या फेरीत शर्यत सोडली. ट्रॅकच्या कडेला वाकून ओकली. सकाळी मी मुद्दाम मोठा पेला दिला होता.

माझी जरा चिडचिड झाली. बाकीचे प्रशिक्षक बघत होते. मी म्हटलं, "रिपोर्ट तुला दम आहे म्हणतो, तू मन लाव." ती म्हणाली, "सॉरी सर." शेजारच्याच ट्रॅकवर चौदाखालच्या मुलींची दोनशेची फायनल चालू होती. सत्तावीस पॉइंट आठला सोनं गेलं. तेवढा वेळ नूतन तिकडे बघत बसली होती.

१७ नोव्हेंबर, रविवार

सायलीला अकादमीत सोडून आलो. बॅग, गादी, नवे स्पाइक्स. तिने नीलाला मिठी मारली. मला नमस्कार केला, परीक्षेला जाताना करते तसा. घर रिकामं वाटतंय. रात्री सवयीने दुधाचा पेला भरला, मग आठवलं की तिचं दूध तर ऑगस्टपासूनच बंद आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

दिवाळीच्या सुट्टीनंतर नूतन मैदानावर आलेली नाही. शाळेतही नाही. कविता म्हणाली, "सर, ती घरी साडीला खडे लावते, तिच्या आईबरोबर." संध्याकाळी तिच्या गल्लीत गेलो. सुभद्राबाई दारातच भेटल्या. "सर, आते ती येवाव नही. काम शे घरमा." आत बसा म्हणाल्या नाहीत. आजवर असं कधी झालं नव्हतं.

या मुलांचं असंच होतं. चिकाटी नसते. मी माझं सगळं केलं. एवढं लिहून पेन ठेवलं होतं, पण दिवा घालवावासा वाटेना.

२२ डिसेंबर, रविवार

सायलीच्या उजव्या नडगीचं हाड तडकलं. पडून नाही, मार लागून नाही, नुसतं पळून. अकादमीत तिला रिपोर्टप्रमाणे वेगाचं ट्रेनिंग होतं, उड्या, वजनं, दिवसातून दोनदा. अंगात वेग आहे म्हणून तो बाहेर काढत होते. एवढं करून टायमिंग किती? तीस पॉइंट दोन. दोन आठवडे तिचा पाय दुखत होता आणि तिने कोणाला सांगितलं नाही.

प्लास्टर घालून घरी आणली. स्कूटरवर बसवता येईना, रिक्षा केली. रस्ताभर तिने माझा हात धरून ठेवला होता. हॉस्पिटलमधून निघालेलं माणूस इतकं सुखी दिसू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

२९ डिसेंबर, रविवार

डॉक्टरांनी रक्त तपासलं. हाडं कच्ची, कॅल्शियम कमी. "दूध का बंद केलंत?" मी रिपोर्ट दाखवला. ते म्हणाले, आधी थोडं देऊन बघा. नीलाने थोडंबिडं काही केलं नाही, सरळ अर्धा लिटर आटवून पुढे ठेवलं. सायलीने पेला चाटूनपुसून संपवला. आज चौथा दिवस. काही म्हणजे काही झालं नाही. काल रात्री उठून फ्रिजमधली बासुंदीही संपवली.

"म्हशींना सांगू का, शास्त्र हरलं म्हणून?" नीला म्हणाली.

मला हसू आलं नाही. दूध चुकलं असेल तर आणखी काय काय चुकलं असेल? उद्या चेतनभाईंना फोन करतो. एवढा मोठा रिपोर्ट, आणि माझ्या पोरीच्या हाडांशी खेळ.

३१ डिसेंबर, मंगळवार

चेतनभाईंवर मी खूप ओरडलो. ते शांतपणे म्हणाले, "विजयभाई, नवी नळी पाठवतो, फिर से टेस्ट करी लो. फ्री मां." मी म्हटलं, पाठवाच. फोन ठेवला तर सायली पलंगावर उठून बसली होती.

"नको पप्पा. ती नळी माझी नव्हती."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सगळं सांगितलं, भिंतीकडे बघत. त्या दिवशी आतल्या खोलीत ती नूतनला म्हणाली होती, माझ्या नळीत तू थुंक, तुझ्या नळीत मी थुंकते. नूतन हसली होती. म्हणाली होती, चालेल, सरांकडे माझं टायमिंग आहेच.

मी विचारलं, का केलंस असं?

"तुम्ही रोज म्हणायचात ना, रक्तात असावं लागतं. माझ्यात नाही हे मला माहीत होतं. पण ते कागदावर यायला नको होतं."

मग रिपोर्ट आल्यावर का नाही सांगितलंस?

"तुम्ही ते पान तीनदा वाचलंत. माझ्याकडे तसं तुम्ही कधी पाहिलं नव्हतं, पप्पा. मला वाटलं, एक दिवस असू दे. मग दुसऱ्या दिवशी सांगणं आणखी कठीण झालं. मग तुम्ही फॉर्म भरलात."

नीला दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. या डायरीचं शेवटचं पान संप

२ जानेवारी, ~~मंगळवार~~ गुरुवार

पान संपलं. नव्या वर्षाची डायरी नीलाने आणून ठेवलीय, पण तिला हात लावावासा वाटत नाही. हीच उलटून पहिल्या कोऱ्या पानांवर लिहितोय. तारीख जुळते, वार खोडावा लागतो. पुढेमागे कोणी ही उघडली तर त्याला शेवट आधी वाचायला मिळेल. मलाही तसा मिळाला असता तर बरं झालं असतं.

सगळं मागून वाचून काढलं. कोरा चहा. खीर नसलेलं पान. पेला रिकामा करून नळाकडे जाणारी नूतन. सगळं मीच लिहिलंय, माझ्याच अक्षरात. वाचता येणाऱ्या कोणालाही कळलं असतं. ते पोर रोज माझ्यासमोर उभं राहून पोटात दुखणारं दूध पीत होतं, कारण सरांनी सांगितलं होतं.

आणि ज्या पानाने मला गलबलून आलं होतं, ज्याला मी माझं रक्त म्हटलं, ते मगनच्या पोरीचं होतं.

आज सायलीने विचारलं, "पप्पा, ते इंजेक्शन खरंच आलं असतं, तर मला दिलं असतंत?" मी म्हटलं, काहीतरीच काय. ती माझ्याकडे बघत राहिली. खरं उत्तर इथे लिहितो. दिलं असतं. तिला विचारलंही नसतं.

५ जानेवारी, ~~शुक्रवार~~ रविवार

नूतनकडे गेलो. मगन पाळीवरून येऊन झोपला होता. नूतन जमिनीवर बसून साडीच्या काठाला खडे चिकटवत होती, बोटांना डिंक लागलेला. मला बघून उठली आणि आधी विचारलं, "सर, सायलीचा पाय कसा आहे?"

सुभद्राबाईंनी या वेळी आत घेतलं. सायलीने काय सांगितलं ते मी दोघींना सांगितलं. माफीही मागितली. मला नीट मागता आली नाही. सुभद्राबाई इतकंच म्हणाल्या, "मी सांगेल व्हतं, सर. दूध सोसत नही." त्यात राग नव्हता. राग असता तर बसणं सोपं गेलं असतं.

त्यांनी चहा केला. माझ्यासाठी शेजारून दूध आणलं. नूतनचा कोरा.

मी नूतनला विचारलं, तू तरी का बोलली नाहीस? तो रिपोर्ट तुझा नाही, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एक शब्द बोलली असतीस तरी मी...

ती नखाने बोटावरचा डिंक काढत होती. म्हणाली, "सायलीला वचन दिलं होतं. आणि मला वाटलं, सर घड्याळ बघतील."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मग रोज तीन हजारला मागे पडायला लागले ना, सर, तेव्हा मलाच वाटायला लागलं. थुंकी सायलीची असली तरी रिपोर्ट माझाच असेल."

मी म्हटलं, उद्यापासून ये. पहाटे ये, मी न्यायला येतो. ती आईकडे बघून म्हणाली, "संध्याकाळपर्यंत बारा साड्या परत द्यायच्या असतात, सर." निघताना तिने कोपऱ्यातून, तीन हजारसाठी मी दिलेले बूट आणून दिले. धुऊन, साडीच्या खोक्यातल्या पातळ कागदात गुंडाळलेले. "सायलीला होतील. तिचा माझा नंबर एकच आहे."

१५ जानेवारी, ~~सोमवार~~ बुधवार

कालची उत्तरायण कशी गेली आठवत नाही. सगळी गल्ली पतंग उडवायला गच्चीवर होती आणि मी खाली अकादमीला पत्र लिहीत होतो. काय झालं ते सगळं लिहिलं, नळ्यांसकट. सायलीचं नाव काढा, नूतनचं घाला, सोबत तिच्या जूनच्या वेळा. सही करताना या वेळी हलकं वाटलं नाही.

चेतनभाईंचा आज फोन आला. भला माणूस आहे, ओरडला नाही. जागा दुसऱ्या केंद्राला गेली. पुढच्या वर्षी नवी निवड आहे, पण त्या वेळी नूतन वयात बसणार नाही. "और विजयभाई, टाइमिंग से हम नहीं लेते. रिपोर्ट तो जोईए ज." मी म्हटलं, रिपोर्ट तुमच्याकडेच आहे. वेग, अतिशय अनुकूल. फक्त नाव दुसऱ्याचं आहे. ते म्हणाले, नियम आहे, काय करू.

१९ जानेवारी, ~~शुक्रवार~~ रविवार

सकाळी मैदानावर बारा मुलं आली. सायलीही हट्टाने आली, प्लास्टर घालून पायरीवर बसली. साडेपाच ते सात मी सारखा फाटकाकडे बघत होतो. नूतन आली नाही. उद्याही जाईन तिच्या घरी. परवाही जाईन. सुभद्राबाई चहा देतील आणि ती येणार नाही, हे मला आता कळतं. मला सगळं कळतं, पण उशिरा.

मुलं गेल्यावर वेळेची वही काढली. सप्टेंबरचं पान. मी इतकं दाबून खोडलंय की कागद फाटायला आलाय, पण आकडा अजून वाचता येतो. सायली शेजारी सरकली. म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर तीच म्हणाली, एकदा दोनशे लाव. पायात काही नव्हतं. पळून आली आणि विचारलं, सरांना दाखवशील ना?"

मी खोडलेल्या ओळीखाली ती पुन्हा लिहिली. नूतन मगन पाटील, दोनशे मीटर, सव्वीस पॉइंट एक. वेळ घेणार, सायली. घड्याळ बरोबर होतं.